जावई पत्र्यावर चढणार नाहीत

आमच्या धंद्यात पत्रा टिकतो, माणूस टिकत नाही. रंगीत पत्र्याला कंपनी लेखी गॅरंटी देते. तो टाकणाऱ्या माणसाची गॅरंटी त्याची सख्खी आईसुद्धा देत नाही. मी विचारून पाहिलेलं आहे. एकीला फोन लावला, "अहो, तुमचा मुलगा दोन दिवस कामावर नाही," तर ती म्हणाली, "घरी बी न्हाई. घावला तर आमाला बी कळवा."

मी शेडचा धंदा करते. पोल्ट्री, गोठे, कांदा चाळी, मंगल कार्यालयं. छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, उभ्या करून वर पत्रे टाकायचे असतात तिथं आमचा टेम्पो उभा असतो. धंदा वडिलांचा. भावाने इंजिनिअर होऊन पुण्यात एसीत बसायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी तो माझ्या गळ्यात घातला. कारण एकच, माझा आवाज. वर चढलेल्या माणसाला खालून दिलेली शिवी स्पष्ट ऐकू जाईल असा गळा घरात फक्त मला होता. याच गळ्यापायी मला लहानपणी चर्चच्या गायनमंडळातून काढून टाकलं होतं. देवाला जो सोसला नाही, तो पत्रेवाल्यांनी इतकी वर्षं सोसला.

माणसं घ्यायची माझी एक पद्धत आहे. मोबाईलच्या स्टेटसला 'पत्र्याच्या कामाला माणसं पाहिजेत' असं टाकलं की संध्याकाळपर्यंत कुणीतरी येतंच. अनुभव विचारला की "लई" आणि उंचीची भीती विचारली की "न्हाई ओ, काय बोलताय" ही उत्तरं ठरलेली. मी वाद घालत नाही. मनमाड रोडला आमचं यार्ड आहे, तिथल्या माल ठेवायच्या शेडला शिडी लावते आणि म्हणते, चला, वर बसून चहा घेऊ. आधी मी चढते. पन्नाशीची बाई एका हातात थर्मास धरून वर गेली म्हटल्यावर पुरुषाला मागं फिरता येत नाही. वर गेल्यावर मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघते. पत्र्यावर स्क्रूच्या ओळी असतात आणि त्या ओळीखाली लोखंडाचा आधार असतो. जाणता माणूस ओळीवरूनच चालतो. मध्ये पाय पडला की पत्रा दबतो, आणि पुढं पावसाळ्यात गिऱ्हाईक आम्हाला शिव्या घालतं. मग चहा. ज्याचं लक्ष चहात, तो आपला. ज्याचं लक्ष शिडीत, त्याला चहा पूर्ण पिऊ देते आणि एमआयडीसीत वॉचमनची जागा कुठं आहे ते सांगते. एक जण तर वर जाऊन बसला तो उतरेचना. एक चहा झाला, दुसरा झाला, शेवटी टेम्पो लावून, कमरेला दोरी बांधून त्याला टपावर उतरवला. खाली आल्या आल्या मला विचारतो, "मग कधीपासून येऊ?" एवढा आत्मविश्वास मी फक्त पुढाऱ्यांत पाहिलाय.

घेतलेली माणसं टिकवणं हा मात्र वेगळाच ताप. चैत्रात यात्रा असतात. आमच्या पोरांना स्वतःच्या गावची एक, मामाच्या गावची एक आणि जिथं कुस्त्या चांगल्या तिथली एक, अशा यात्रा असतात. मग लग्नसराई. मग कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरवर बसायची हौस येते. हे सगळं निभावून जो उरतो, त्याला पलीकडचा शेडवाला नेतो. हा माझा प्रतिस्पर्धी. माणसांसाठी तो कधी जाहिरात करत नाही. माझ्या साइटजवळच्या टपरीवर नुसता उभा राहतो आणि माझ्या पोरांना चहा पाजतो. मी त्याला नावं ठेवत नाही, कारण त्याचे दोन वेल्डर मी तशाच पद्धतीने आणलेत.

टिकवायचे उपाय मीही करून पाहिले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी यार्डात मटण सुरू केलं. शनिवारी हजेरी शंभर टक्के, सोमवारी कुणीच नाही. एकाचा वाढदिवस केक कापून केला, तर बाकी सगळ्यांचे वाढदिवस त्याच पंधरवड्यात आले. आमचे हे शाळामास्तर आहेत. ते म्हणाले, "माणसाला आदर दिला की तो टिकतो." मी आठवडाभर सगळ्यांना अहोजाहो करून पाहिलं. पोरं घाबरली. त्यांना वाटलं धंदा बंद होतोय, आणि दोघं त्याच धास्तीने पळाले.

या सगळ्या गळतीत एक माणूस माझ्याकडे टिकून होता. माझा मिस्त्री. देवळाली प्रवराचा, घरी थोडा ऊस आणि म्हातारी आई. कुंपणावरून मांजर जावं तसा तो पत्र्यावरून जायचा. आणि त्याला हे पक्कं माहीत होतं. खिशात कंगवा असायचा, आणि वर गेल्यावर, खालून कुणी बघतंय याची खात्री करून, तो केस विंचरायचा. गाणी म्हणायचा, सगळी चुकीच्या शब्दांत. कामात मला उलट उत्तरं द्यायचा आणि बऱ्याचदा त्याचंच बरोबर असायचं, म्हणून मी आणखी ओरडायचे. त्याच्या जिवावर मी दोन-दोन कामं एकदम घ्यायचे. तो वर आहे म्हटल्यावर मला खाली झोप लागायची, इतकं सरळ होतं ते.

दिवाळीच्या आधी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी काढलेली, म्हणजे काहीतरी वाईट होतं.

"ताई, दिवाळी झाली की मी चाकनला चाललो."

"पगार जास्त देतात?"

"कमी देत्यात."

"मग डोकं फिरलंय का?"

"पॅकिंगला हाय. बिस्किटाचे पुडे खोक्यात भरायचे."

जो माणूस कैचीच्या टोकावर एका पायावर उभा राहून स्क्रू मारतो, तो बिस्किटं भरणार. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि खरं कारण विचारलं. ते साधं होतं. तिशी उलटली होती आणि लग्न जमत नव्हतं. "ताई, पोरगी पाहिजे तर कंपनी पाहिजे. पत्रेवाला म्हनलं की मानसं इचारत्यात, पडला-बिडला तर? पगार पाहिजे, पुन्यात खोली पाहिजे. शेती बी पाहिजे, पन पोरगी शेतात जानार न्हाई." लोकांच्या घरचे पोहे खाऊन खाऊन त्याला पोह्यांची शिसारी आली होती. आई म्हणाली होती, माझे डोळे मिटायच्या आत सून बघू दे. त्याला कंगव्याशिवाय, गाण्याशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटून कैच्या उभ्या राहत नाहीत. मी म्हणाले, "मुलगी मी शोधते. तू चाकणला जायचं नाही." माणूस गेला तर गेला, पण बिस्किटांना द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं.

चर्चमधून स्थळ मिळायचा प्रश्न नव्हता, मुलगा मराठ्याचा. मग मी गिऱ्हाइकांना फोन लावले. मी पत्र्याचे पैसे मागत नाहीये हे कळल्यावर सगळे मोकळेपणानं बोलायला लागले. पुणतांब्याच्या एका पोल्ट्रीवाल्याने सांगितलं, "एक पोरगी हाय. दूध संकलन केंद्रावर फॅट लावती. शिकल्याली हाय, पन तोंडानं लई फटकळ."

"चालेल," मी म्हणाले. "माझ्या हाताखाली राहिलाय. त्याला सवय आहे."

"पन मुलगा करतो काय, काय सांगू?"

"साइट सुपरवायझर," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. संडे स्कूलला आम्हाला शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये असं शिकवलेलं. कामगाराच्या बाजूने दिलेली चालते की नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा सुपरवायझर म्हटल्यावर त्याला सुपरवायझर करणं आलं. गळ्यात लटकवायचं ओळखपत्र छापून आणलं. आमच्याकडे हेल्मेट पिवळी असतात, त्याच्यासाठी पांढरं आणलं. मुलीकडचे आधी 'कंपनी' बघायला येणार होते, म्हणून यार्ड झाडून घेतलं आणि पोरांना सांगितलं की आजचा दिवस याला साहेब म्हणायचं. पोरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. मुलीचा मामा टेम्पोतून उतरतो न उतरतो तोच एकाने मिस्त्रीला कडक सलाम ठोकला आणि विचारलं, "साहेब, परवानगी आसन तर शिडी हलवू का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो शिडी घेऊन यार्डाच्या मागच्या टोकाला जो गेला, तो पाहुणे जाईपर्यंत परत आला नाही.

मामाने पीएफ विचारला. बापाने ऊस विचारला. मुलीची आई हडकुळी, डोईवर पदर, नजर सतत वर, आमच्या शेडच्या पत्र्याकडे. चहा संपत आल्यावर तिने एकच विचारलं.

"ह्यांना वर चढावं लागतं का?"

"छे हो. सुपरवायझर खालून बघतात."

पांढऱ्या हेल्मेटखाली माझा सुपरवायझर खोकला.

मग आम्ही पुणतांब्याला मुलगी बघायला गेलो. मुलीने पोह्यांची ताटली पुढं केली, त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "फोटो आत्ताच काढल्यावानी वाटतोय. ह्याच शर्टात हाय." दिवसभर दुधातलं पाणी पकडणारी मुलगी ती. मला वाटलं, झालं, चाकण. पण ती हसली, आणि हा गडी कानापर्यंत लाल झाला. पोहे त्याने दोन वेळा मागून घेतले.

उठता उठता मला आतल्या खोलीत काहीतरी हललेलं दिसलं. खाटेवर एक माणूस होता, कमरेखाली चादर. मुलीच्या आईने सांगितलं, तिचा धाकटा दीर. गोठ्याचा सिमेंटचा पत्रा बदलायला चढला होता, पत्रा फुटला, खाली दगडी गव्हाणीवर पाठीवर पडला. तेव्हापासून खाटेवर. त्याचं सगळं तीच करत होती. मी त्याला नमस्कार केला, त्यानेही केला. मग बाहेर येऊन टेम्पोत बसायच्या आधी मी त्यांच्या गोठ्याच्या छपराकडे एकदा बघून घेतलं.

सुपारी फोडायला गावातली चार जाणती माणसं बसली. सुपारी फुटली की शब्द फिरवायचा नाही, ही तिकडची रीत. देणंघेणं, मानपान, वऱ्हाड किती, सगळं ठरलं. सुपारी अडकित्त्यात गेली तेवढ्यात मुलीची आई दारातून पुढं आली. बायका अशा बैठकीत बोलत नाहीत, त्यामुळे सगळेच थांबले.

"बाईंनी चार मानसांत सांगावं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "जावई पत्र्यावर चढनार न्हाईत म्हनून. बाकी काय बी नको मला."

मामा म्हणाला, "अगं, त्या बोलल्यात ना मागंच."

"मागं येगळं. आता सुपारीवर सांगावं. त्यांच्यात खोटं बोललेलं चालत न्हाई म्हनत्यात."

हे यांना कुणी सांगितलं, देव जाणे. आमच्या चर्चची हिशोबाची मीटिंग त्यांनी एकदा येऊन बघायला हवी. पण त्या वेळी माझ्या तोंडून विनोद निघेना. बैठकीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या पाठीमागच्या खोलीतली खाट मला माहीत होती. मिस्त्री मान खाली घालून सतरंजीचा दोरा उपसत होता. नाही म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं, आणि तो सरळ चाकणच्या गाडीत बसला असता.

"जावई पत्र्यावर चढणार नाहीत," मी म्हणाले. "माझा शब्द."

सुपारी फुटली. साखर वाटली.

लग्न झकास झालं. म्हाताऱ्या आईने सुनेला इतकं ओवाळलं की सुनेच्याच डोळ्यांत पाणी आलं. मला आहेरात साडी मिळाली, आणि वरातीत माझी सगळी पोरं नाचली, मी आवाज दिला तेव्हा बँडसुद्धा थांबला. मी खूश होते. माणूस बांधला गेला होता. आणि मग सोमवारी कामावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तालुक्यातला एक नंबरचा पत्रेवाला टिकवला होता, आणि तो आता जमिनीवर उभा होता.

चोरून त्याला वर पाठवणं अवघड नव्हतं. मला खोट्याचं वावडं नाही, हे एव्हाना कळलंच असेल. पण दर आठवड्याला पुणतांब्याहून फोन यायचा. "बाई, बरं हाय का? जावई वर चढत न्हाईत ना?" मी म्हणायचे, "नाही हो, खालीच आहेत." "मग बरं हाय," म्हणून फोन बंद. एवढाच फोन. त्या बाईला खोटं सांगणं मला जमेना. इतरांना अजून जमतं.

खालून सुपरवायझर म्हणून तो अगदी टाकाऊ निघाला. वरच्या पोराने काय करायचं ते त्याला सांगता यायचं नाही. "आरे तसं न्हाई, आसं!" एवढंच, आणि हवेत हात. तो नुसता हवेत हात हलवायचा आणि वरचा पोरगा भलतीकडे स्क्रू मारायचा. बाकीच्यांच्या डोक्यात पांढरं हेल्मेट शिरलं. एकजण म्हणाला, माझं पण लग्न जमत नाही, मला पण सुपरवायझर करा. दुसऱ्याचं झालेलं होतं, त्याला बायकोसमोर मान पाहिजे होता. थोड्याच दिवसांत माझ्याकडे खालून बघणारे इतके झाले की वर बघण्यासारखं काही चाललेलंच नसायचं.

राहुरीला एका मंगल कार्यालयाचं काम चालू होतं. ऊन मी म्हणत होतं. नवीन घेतलेला माणूस वर होता, आणि मोबाईलवर बोलता बोलता त्याचा पाय स्क्रूची ओळ सोडून मधोमध पडला. पत्रा दबल्याचा आवाज खाली आला. मिस्त्री जोरात धावला. एक पाय शिडीच्या पायरीवर गेला, दोन्ही हात शिडीला, आणि तसाच थांबून त्याने माझ्याकडे बघितलं.

"ताई. एकदाच."

"नाही."

"कुनाला कळनार हाय?"

"मला."

त्याने पाय खाली घेतला. हेल्मेट काढून वाळूच्या ढिगावर ठेवलं आणि टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत उतरला नाही. त्या दिवसापासून त्याने गाणी बंद केली. मला वाटलं नव्हतं की त्या चुकीच्या शब्दांची मला सवय झाली असेल. साइटवर नुसता ग्राइंडरचा आवाज, आणि माझा.

यात्रांचे दिवस संपले त्या सुमाराला त्याची बायको एकटीच यार्डात आली. एसटीने आलेली, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी आवळ्याचं लोणचं. बसायला खुर्ची दिली तर उभीच राहिली.

"ताई, त्यांना सोडा," ती म्हणाली.

मला वाटलं सुट्टी मागतेय. "किती दिवस?"

"तसं न्हाई. कामावरनं सोडा. पलीकडच्या शेडवाल्याकडं जात्यात."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, मी त्याचं लग्न जमवलं, तुझ्या घरी सुपारीला बसले, तुझ्या आईला शब्द दिला, आणि तो त्या टपरीवर उभं राहणाऱ्याकडे जातो? माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण समोरचा पंक्चरवाला बाहेर आला. ती हलली नाही. फॅटवरून भांडणाऱ्या दूधवाल्यांची तिला सवय असावी.

"शब्द तुमी दिलाय," ती म्हणाली. "त्यांनी दिल्याला न्हाई. त्या शेडवाल्यानं बी दिल्याला न्हाई. तुमच्याकडं ऱ्हाऊन ते वर जातील तर तुमचा शब्द जातोय, आन् तुमी तो जाऊ देत न्हाईत. मग तुमच्याकडं ऱ्हाता कसं येईल?"

"म्हणजे तू त्याला वर पाठवणार? तुझा काका घरी खाटेवर आहे, आणि तू?"

"त्यांचं जेवन-खान मी केलंय, ताई. मला नका सांगू." तिने पहिल्यांदा नजर खाली घेतली. मग म्हणाली, "हे घरी येत्यात आन् भिताडाकडं तोंड करून बसत्यात. बोलत न्हाईत. आत्याबाई म्हनत्यात, पोराला नजर लागली. नजर कसली? तुमच्या पोल्ट्रीवाल्याचं काम चाललं व्हतं तवा मी आमच्या केंद्रातनं रोज बघायची. वर उभं ऱ्हाऊन केस इंचरायचे. त्यानंच स्थळ आनलं तवा फोटो बघून मी वळखलं. सुपरवायझर बी खोटा आन् कंपनी बी खोटी, मला कळलं व्हतं. मी व्हय म्हनले ती त्या वरच्या मानसाला. खालचा मला कुनी दाखवलाच न्हवता."

मी खुर्चीत बसले. माझं ओळखपत्र, माझं पांढरं हेल्मेट, झाडलेलं यार्ड, सगळा खटाटोप बिनकामाचा होता. ज्या गोष्टीपायी मुली मिळत नाहीत म्हणून मी ती लपवली, तीच बघून ही मुलगी आली होती. आणि मी सुपारीवर तीच काढून घेतली.

"तुझ्या आईचं काय?"

"आईला मी सांगन. पन हळूहळू. माहेरपनाला जाईन तवा."

"आणि पट्टा?" कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा आमच्या पोरांना आवडत नाही, कमरपट्टा घातलेली सून झाल्यासारखं वाटतं म्हणतात.

"लावत्यात का न्हाई ते बघाया मी आठ दिस साइटवर जाऊन बसनार हाय. मालकाला सांगितलंय तसं."

म्हणजे पलीकडच्या शेडवाल्याशी तिचं बोलून झालं होतं. मी एवढी वर्षं माणसं पळवते, पण इतकी पद्धतशीर पळवापळवी मी पाहिली नव्हती. मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकीच ती आवडली. मिस्त्रीला आत बोलावलं. तो बाहेर शिडीपाशीच उभा होता, मला सांगायची त्याची हिंमत नव्हती. पाया पडायला वाकला तर मी म्हणाले, "पाया पडू नकोस, मी रडले तर पोरं आठवडाभर हसतील." तरी तो पडला, आणि मी रडलेच. पोरं हसली नाहीत. शनिवार नसताना मी मटण सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पुणतांब्याचा फोन आला. मुलीने अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"बाई, बरं हाय का? जावई वर चढत न्हाईत ना?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्या एकाही पत्र्यावर ते चढत नाहीत."

"देव तुमचं भलं करो. तुमी हायेत म्हनून मला झोप लागती."

तिला लागते. माझी गेलीय. तेव्हापासून रोज सकाळी कामं सुरू व्हायच्या वेळी मी पलीकडच्या शेडवाल्याला फोन लावते आणि एवढंच विचारते की मिस्त्रीने पट्टा लावला का. सुरुवातीला तो हसायचा. आता वैतागलाय. परवा म्हणाला, "ताई, मानूस आता माझा हाय. तुमचा काय संबंध?"

मी म्हणाले, "माणूस तुझाच आहे. शब्द माझा आहे. वर बघ आणि सांग."

तो वर बघायला गेला, आणि मी फोन कानाला लावून थांबले.